ऑस्बोर्न १ : एका पावसाळ्याच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

मिरगाच्या पहिल्या सरीत डिचोलीहून मशीन आणलं, ऑस्बोर्न १ नावाचा जुना कॉम्प्युटर. स्कूटरवर आणायचा विचार होता, बरं झालं भाच्याची गाडी मिळाली. घरी आल्यावर तांदळाच्या काट्यावर चढवलं: अकरा किलो आणि वर थोडं. म्हणजे कंपनीने सांगितलेलं साडेचोवीस पौंड वजन खरं आहे. १९८१ साली याला पोर्टेबल म्हणत, आणि विमानाच्या सीटखाली मावतं ही त्याची जाहिरात होती. मावत असेलही, पण सीटखालून ओढून काढणाऱ्याच्या कमरेचं काय, ते जाहिरातीत नव्हतं.

मशीन वहिनींच्या सासऱ्यांचं. ते बहरीनमध्ये हिशेबनीस होते, तिथून येताना ट्रंकेबरोबर हेही उचलून आणलं. मागच्या पट्टीवर २२० लिहिलंय, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरची भानगड नाही. वहिनी म्हणाल्या, "घेऊन जा भाऊ, कपाटात तेवढीच जागा होईल." आणि मी दारापर्यंत पोचल्यावर हळूच, "गेल्या महिन्यात मुलाने लावून बघितलं होतं. जरा धूर आला."

जरा. बरं.

९ जून

बाहेरून पाहणी. हे निळ्या-करड्या कवचाचं नंतरचं मॉडेल आहे. सुरुवातीची पिवळट रंगाची यायची. झाकण म्हणजेच कीबोर्ड, चपट्या रिबन केबलने जोडलेला. समोर मधोमध पाच इंची पडदा, दोन्ही बाजूंना सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह आणि त्यांच्याखाली फ्लॉप्या ठेवायला एकेक खिसा.

डावा खिसा बंद. बॅटरी मारून बघितलं तर आत सगळी माती. कुंभारमाशीने घर केलंय, एकाला एक लागून पाच खोल्या. बांबूच्या काडीने उकरत बसलो. माती वाळून चिऱ्याच्या भुग्यासारखी झाली होती, आणि शेवटच्या खोलीत वाळलेल्या कोळ्यांचा साठा जसाच्या तसा. उजव्या ड्राइव्हच्या दारामागे पालीच्या अंड्यांची दोन रिकामी टरफलं. सव्वीस वर्षं फोंड्यात टीव्ही दुरुस्त केले, त्यामुळे याचं नवल नाही. आमच्याकडे उपकरण बिघडायच्या आधी त्यात कोणीतरी राहायला येतं.

प्लग लावलेला नाही आणि लावणार नाही. भाचीला हे दोनदा सांगितलं. ती फर्मागुडीला इलेक्ट्रॉनिक्स शिकते, हात शिवशिवतात.

१५ जून

आठवडाभर मशीन उघडून कपाटात. आत ४० वॅटचा पिवळा बल्ब, चोवीस तास चालू. हे कपाट मूळ आईच्या रेशमी साड्यांसाठी केलेलं, पावसाळ्यात बुरशी येऊ नये म्हणून खाली बल्ब. आता त्यात चौदा कॉम्प्युटर आणि दोन साड्या आहेत. बाहेर ह्युमिडिटी मीटर ९१ दाखवतोय, आत ५६.

मित्र विचारतो सिलिका जेल का ठेवत नाहीस. ठेवून पाहिलं आहे. जुलैत दर तीन दिवसांनी ते तव्यावर भाजत बसावं लागतं. बल्बला काही करावं लागत नाही.

२२ जून

पॉवर सप्लाय बाहेर काढला. धुराचा गुन्हेगार लगेच सापडला. मेन्सच्या तोंडाशी बसवलेला कागदी कंडेन्सर, पिवळट पारदर्शक कवचाचा. कवचाला बारीक बारीक भेगा पडतात, कागद हवेतलं पाणी शोषतो आणि एके दिवशी २३० व्होल्ट लागले की फुटतो. जळक्या माशासारखा वास अजून बोर्डाला आहे. धूर भयंकर दिसतो, पण बऱ्याचदा तेवढ्यावरच निभावतं. हा फक्त मेन्समधली खरखर गाळणारा भाग, याच्याशिवायही सप्लाय चालतो.

दुसरा तसाच कंडेन्सर अजून शाबूत होता, तोही काढला. जागी ०.१ मायक्रोफॅरडचे, एक्स-टू वर्गाचे, प्लॅस्टिक फिल्मवाले घातले. एक्स-टू छापलेलंच हवं. दुकानदार तेवढ्याच व्होल्टचा साधा देत होता, "चालता हो". मेन्सवर चालत नाही.

बोर्डावरची काजळी पुसताना भाचीने विचारलं, मामा, फेणीने निघेल का? निघणार नाही. फेणीत अर्ध्याहून जास्त पाणीच. आयसोप्रोपिल घेतलं, नव्व्याण्णव टक्केवालं. फेणी फेणीच्या जागी.

२९ जून

आज सप्लायला वीज दिली, सिरीज बोर्डावरून. ज्यांनी कधी वर्कशॉप पाहिलं नाही त्यांच्यासाठी: लाकडी फळीवर एक होल्डर, एक सॉकेट, आणि होल्डरमधला १०० वॅटचा बल्ब उपकरणाच्या मालिकेत. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि उपकरण वाचतं. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर भडकून मंद होतो. मीटर, स्कोप सगळं आहे माझ्याकडे, पण पहिल्या क्षणी मी त्या बल्बकडेच बघतो.

सप्लाय मोकळा चालवायचा नाही, लोड हवा. पाच व्होल्टला जाड वायरवाउंड रेझिस्टर, बाराला स्कूटरचा इंडिकेटर बल्ब. बटण दाबलं. सिरीजचा बल्ब भडकला, विझत आला, आणि इकडे इंडिकेटरचा बल्ब पेटला. ५.०४ आणि ११.९. मग थेट मेन्सवर अर्धा तास, आकडे हलले नाहीत.

भाची म्हणाली एलईडी बल्ब लावून सिरीज बोर्ड का करत नाही, वीज वाचेल. मी नुसतं बघितलं. मग तिचं तिलाच कळलं. तारेचा बल्ब गरम होईल तसा त्याचा रोध वाढतो, म्हणून तो राखण करतो. एलईडीच्या आत स्वतःचंच सर्किट, ते काय राखण करणार.

६ जुलै

पडद्याचा भाग. पाच इंची असली तरी पिक्चर ट्यूबच. ईएचटीची, म्हणजे ट्यूबला उच्च दाबाची वीज देणाऱ्या वायरची, टोपी काढण्याआधी स्क्रूड्रायव्हरला अर्थची वायर बांधून डिस्चार्ज केलं. ठिणगी आली नाही, पण न करता हात घालणारे दोन कारागीर मला माहीत आहेत. ड्राय सोल्डर तीन ठिकाणी, परत डाग दिले. बाकी काही नाही.

१२ जुलै, रात्री

जोडून सुरू केलं. पंधरा सेकंदांत पडदा उजळला, अक्षरं आली. आणि काय अक्षरं!

चांगल्या ऑस्बोर्नने इथे इंग्रजीत म्हणायचं असतं की ड्राइव्ह ए मध्ये डिस्क घाला आणि रिटर्न दाबा. माझ्याकडे वाक्याची लांबी बरोबर, जागा बरोबर, पण इन्सर्ट या शब्दातल्या आय च्या जागी एच, एस च्या जागी आर, ई च्या जागी डी. ड्राइव्हच्या नावाचा ए जाऊन तिथे ईमेलमधलं अ‍ॅटचं चिन्ह.

माझा पहिला संशय मेमरीवर. यात ४११६ जातीच्या ३२ चिप्स आहेत, तेव्हा कुठे ६४ केबी होते. या चिप्सना बारा, पाच आणि उणे पाच असे तीन व्होल्टेज लागतात, आणि उणे पाच गेलं तर त्या जळतात. मोजलं, आहे. मग बोटाने एकेक चाचपत बसलो, कुठली जास्त तापते ते. सगळ्या सारख्याच कोमट. साडेअकराला वीज गेली, झोपलो.

१३ जुलै

भाचीने सकाळी कागदावर दोन रकाने पाडले, काय यायला हवं आणि काय येतंय. एन, आर, टी, डी जागच्या जागी. बिघडलेलं प्रत्येक अक्षर आपल्या आधीच्या अक्षरावर घसरलंय. अ‍ॅस्कीत, म्हणजे अक्षरांना आकडे द्यायच्या पद्धतीत, आय म्हणजे ७३, एच म्हणजे ७२. ए ६५, अ‍ॅट ६४. विषम आकडे सगळे एकने कमी होतायत, समांना धक्का नाही. म्हणजे सर्वांत खालचा बिट (आकड्यातला शेवटचा शून्य किंवा एक) कुठेतरी शून्यावर अडकलाय.

इथवर तिचं. पुढचं माझं: हा बिट मेमरीतच मेला असता तर मशीन वाक्य लिहिण्यापर्यंत पोचलंच नसतं, कारण प्रोसेसर आपली कामाची टिपणं त्याच चिप्समध्ये ठेवतो. मशीन शुद्धीवर आहे, फक्त बोलताना जीभ अडखळतेय. म्हणजे बिघाड मेमरी आणि पडदा यांच्या मध्ये, अक्षरांचे ठिपके जिच्यात कोरलेले असतात त्या रॉमच्या आसपास. माझ्या बोर्डावर ती सॉकेटमध्ये आहे. उचकटून काढली. एका पायावर हिरवा गंज, समईच्या तळाला येतो तसाच. तो पाय सॉकेटला नुसता टेकलेला, जोडलेला नव्हता.

ग्लासफायबरच्या पेन्सिलीने घासला, आयसोप्रोपिल, परत बसवली. वाक्य सरळ आलं.

चाळीस वर्षं जुन्या मशीनमध्ये एकही चिप मेलेली नाही. आतापर्यंत जे जे सापडलं ते सगळं हवेतल्या पाण्याने केलेलं. कॅलिफोर्नियातल्या संग्राहकांची दुखणी वेगळी, त्यांच्याकडे उन्हाने प्लॅस्टिक पिवळं पडतं.

२० जुलै

ड्राइव्ह ए. मोटर फिरते पण पट्टा घसरतो. रबर ताणून ढिलं झालंय. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवलेला चपटा पट्टा यायला वेळ आहे, तोवर जुनाच गरम पाण्यात उकळून घेतला. कॅसेट प्लेअरच्या काळातली युक्ती, दोन-चार दिवस पट्टा आखडतो.

आता वेग. फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे फिरायला हवी. यासाठी खालच्या चाकावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची दोन कडी छापलेली असतात, एक ५० हर्ट्झच्या देशांसाठी, एक ६० च्या. ट्यूबलाइटच्या उजेडात बघायचं. आपल्या विजेवर ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, चाक सेकंदाला पाच फेरे घेतं, तेव्हा ५० वाल्या कड्यावर वीस पट्ट्या. वेग बरोबर असेल तर प्रत्येक लुकलुकीला एका पट्टीच्या जागी नेमकी पुढची पट्टी येते आणि कडं थांबल्यासारखं दिसतं.

घरभर हिंडलो, एकही कडं थांबेना. नुसतं करडं फिरतंय. मग वर बघितलं. घरातल्या सगळ्या ट्यूब एलईडीच्या. मीच बदलल्या तीन वर्षांपूर्वी, सबसिडीचा बल्ब मिळाल्याच्या उत्साहात.

शेजारच्या आजीच्या मांगरात अजून चोक-स्टार्टरवाली ट्यूब आहे, सुपाऱ्या सोलतात तिथे. ड्राइव्ह आणि बेंच सप्लाय प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पावसातून तिकडे गेलो. स्टार्टर तीनदा टिकटिकला आणि ट्यूब लागली. चाक फिरवलं, आणि दिसलं. पट्ट्या हळूहळू उलट्या दिशेने सरकत होत्या, म्हणजे वेग कमी. मागच्या बोर्डावरचा छोटा प्रीसेट (वेग जुळवायचा स्क्रू) दाढीच्या ब्लेडएवढ्या स्क्रूड्रायव्हरने केसभर फिरवला. सरकणं मंदावलं. आणखी केसभर. थांबल्या. फिरणाऱ्या चाकावर वीस पट्ट्या उभ्या, एखादी मधेच थरथरतेय, तीही विजेमुळे.

आजी सुपारी कातरायची थांबून बघत होती. "दिवसाढवळ्या ट्यूब लावून काय शोधतोस रे?"

म्हटलं, आजी, ही ट्यूब कधी काढू नको.

"काढायला कोण येतो इथे," म्हणाली.

३ ऑगस्ट

बूट डिस्क, म्हणजे मशीन सुरू करायची फ्लॉपी, नाही. खिशातल्या सात फ्लॉप्यांपैकी पाचांवर बुरशीचे पांढरे गोल. त्या ड्राइव्हमध्ये घालायच्या नाहीत, हेड खराब होतं.

सीपी/एम २.२ या याच्या ऑपरेटिंग सिस्टिमची इमेज (फ्लॉपीची फाइलरूपी नक्कल) मिळवली आणि ग्रीसवीझल, म्हणजे यूएसबीवरून फ्लॉपी वाचणारा-लिहिणारा बोर्ड, जोडून फ्लॉपी लिहिली. साध्या पीसीच्या फ्लॉपी कंट्रोलरवर हे बहुधा जमत नाही, कारण हा ऑस्बोर्न सिंगल डेन्सिटीत, म्हणजे जुन्या विरळ पद्धतीने, लिहितो आणि पुष्कळ पीसी ती भाषा विसरलेले आहेत. ४० ट्रॅक, प्रत्येकात १० सेक्टर, प्रत्येकी २५६ बाइट. गुणून बघा, शंभर केबी. त्यातले सिस्टिमचे ट्रॅक वजा जाता बाण्णव उरतात. आज वहिनींनी पाठवलेला गुड मॉर्निंगचा फोटो यावर मावला नसता.

लिहिलं, घातलं, रिटर्न दाबलं. ड्राइव्ह खडखडला. बीडॉस एरर, बॅड सेक्टर. पाच फ्लॉप्या, पाचही वेळा तेच.

९ ऑगस्ट

चूक माझीच. १.२ एमबीच्या ड्राइव्हवर लिहीत होतो. त्याचं हेड अरुंद, अर्ध्या रुंदीचा ट्रॅक काढतं. फ्लॉपीवर आधीचं जुनं लिखाण असेल तर ते कडेला शिल्लक राहतं, आणि ऑस्बोर्नचं रुंद हेड दोन्ही एकदम वाचतं. अडगळीतून ३६० केबीचा ड्राइव्ह काढला, कोरी डबल डेन्सिटी फ्लॉपी घेतली.

ए, मोठ्याचं चिन्ह, आणि लुकलुकणारा कर्सर: सिस्टिम सुरू झाली. संध्याकाळी ६.१०. भाची राखी बांधायला घरी गेलेली. फोन केला, तर म्हणाली फोटो पाठव. फोटोत पडद्यावर आडवी काळी पट्टी आली.

नवा पट्टाही बसवला.

१० ऑगस्ट

वर्डस्टार हे लिहायचं सॉफ्टवेअर चढवलं. पडदा ५२ अक्षरं रुंद, २४ ओळी. आत मेमरीत कागद मात्र १२८ रुंद, ३२ ओळींचा आहे, आणि कंट्रोल-बाण दाबून खिडकी सरकवायची. वाक्य वाचता वाचता उजवीकडे निघून जातं, आपण मागे जायचं. दहा मिनिटांत सवय होते, अर्ध्या तासात मान दुखते.

१९८३ च्या सप्टेंबरात कंपनी दिवाळखोरीत गेली. सगळीकडे एकच गोष्ट सांगतात की पुढच्या मॉडेलची घोषणा लवकर केली आणि लोकांनी हे घ्यायचं थांबवलं, याला ऑस्बोर्न इफेक्ट म्हणतात. मॅनेजमेंटच्या वर्गात शिकवायला सोयीचं आहे. मला या पडद्यासमोर बसून वेगळं वाटतं. १९८२ मध्ये केप्रो आला, तेवढ्याच १७९५ डॉलरला, नऊ इंची पडदा, ८० अक्षरं. पाठोपाठ आयबीएमचं सॉफ्टवेअर चालवणारा कॉम्पॅक. मी तरी हे घेतलं नसतं.

पण त्या किमतीत वर्डस्टार, हिशेबाचं सुपरकॅल्क आणि बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेच्या दोन आवृत्त्या मशीनसोबत मिळत होत्या, ही कल्पना पहिल्यांदा याचीच. आणि ते दोन फ्लॉपीचे खिसे. ली फेल्सेन्स्टाइनने आखलेल्या या पेटीत बाकी काही सुंदर नाही, खिसे मात्र ज्याने फ्लॉप्या हरवल्यात त्यालाच सुचतील. कुंभारमाशीलाही आवडले.

१७ ऑगस्ट

सासऱ्यांच्या फ्लॉप्या. कवच एका बाजूने कापून आतली चकती काढायची, गार पाण्याने आणि साबणाच्या थेंबाने धुवायची, कपाटात बल्बजवळ सुकवायची, मग नव्या कवचात घालून ग्रीसवीझलवर वाचायची. पाचांपैकी तीन पूर्ण आल्या. एक ३१ ट्रॅकपर्यंत. एकीचा मुलामाच साबणाबरोबर सुटला. ती माझ्या हातून गेली, हे वहिनींना सांगायला हवं.

लेबलांवर त्यांच्या अक्षरात "हिशेब ८४" वगैरे. फाइल उघडली नाही. दुसऱ्याच्या हिशेबात मी डोकं घालत नाही.

२९ ऑगस्ट

दीड दिवसाचा गणपती काल पोचवला. आज वहिनी मुलाला घेऊन आल्या, नेवऱ्यांचा डबा घेऊन. पेन ड्राइव्ह दिला, गेलेल्या फ्लॉपीबद्दलही सांगितलं. "त्यांनीच पुसली असती," म्हणाल्या, "कोणाला किती दिले ते घरात कळू द्यायचे नाहीत."

सासरे म्हणायचे म्हणे, हा कॉम्प्युटर आपल्याकडच्या माणसाने काढला. घरात कोणी विश्वास ठेवला नाही. आता विचारलं, खरं का? अर्धं तरी खरं. अ‍ॅडम ऑस्बोर्न १९३९ साली बँकॉकला जन्मला, वडील इंग्रज, आई पोलिश. पण आई-वडील रमण महर्षींचे भक्त, त्यामुळे पोराचं लहानपण तिरुवण्णामलैला गेलं. धंदा अमेरिकेत केला, बुडाला, आणि शेवटी आजारपणात परत इकडेच आला. २००३ मध्ये कोडाईकनालला वारला. वहिनी जरा वेळ गप्प बसल्या. मग मुलाला म्हणाल्या, "बघ, आजोबा थापा मारत नव्हते."

मुलगा खिसे बघत होता, धूर काढणारा हाच. प्लग कुठला ते विचारलं नाही.

वहिनींनी पणजीत ऑफिसात वर्डस्टारवर टाइपिंग केलंय, नव्वदच्या सुमारास. खुर्ची ओढली आणि चष्मा वर ढकलून पडद्याला नाक लावून बसल्या. दोन ओळी टाइप केल्या आणि कंट्रोल, के, डी. विचार न करता. ड्राइव्ह खडखडला, फाइल साठली. "अक्षरं बारीक आहेत हो," एवढंच म्हणाल्या, आणि नेवऱ्या गरम करायला आत गेल्या.

१४ सप्टेंबर

सकाळी कपाटात अंधार. बल्ब गेला, मीटर ७४. कधी गेला कोण जाणे, दोन दिवस बघितलं नव्हतं.

फोंड्यात चार दुकानं. सगळीकडे एलईडी. एक पोरगा म्हणाला, काका, नऊ वॅटचा घ्या, साठचा उजेड देतो. उजेड नको बाबा, ऊब हवी. त्याला वाटलं मी कोंबडीच्या पिल्लांसाठी मागतोय, आणि खरोखरच त्याने पोल्ट्रीचा माल विकणाऱ्याकडे पाठवलं. तिथे मिळाले. ४० चे सहा आणि १०० चे दोन घेतले.

एक मांगरातल्या आजीला दिला नाही, तिला नकोय. तिच्यासाठी दोन स्टार्टर आणि एक चोक घेऊन ठेवलाय.

रात्री नऊला मीटर ६३, उतरतोय. ड्राइव्ह बी अजून उघडायचा आहे.